पर्यटन जहाजांचे बाह्यरूप

सागरी सहलीसाठी बांधलेल्या प्रवासी जहाजाची पाण्याबाहेर दिसणारी आकृती, तिची ठेवण, रंग आणि अलंकरण यांचा समावेश ‘बाह्यरूप’ या संज्ञेत होतो. दोन ठराविक बंदरांमध्ये वेळापत्रकानुसार उतारूंची ने-आण करणाऱ्या जहाजाला ‘उतारू जहाज’ (लायनर) म्हणतात. तर ज्यात प्रवास हाच हेतू असतो आणि जे बहुधा निघालेल्या बंदरातच परत येते, त्याला ‘पर्यटन जहाज’ (क्रूझ जहाज) म्हणतात. पहिल्या प्रकारात वेग व वादळी समुद्राला तोंड देण्याची क्षमता यांना, तर दुसऱ्या प्रकारात जागा, ऊन, हवा व देखावा यांना प्राधान्य असते. बाह्यरूपातील जवळजवळ सर्व फरक या एका भेदातून उद्भवलेले आहेत.

बाह्यरूपाचे प्रमुख घटक चार होत : (१) काया, म्हणजे पाण्याखालील व पाण्यालगतचा पोलादी भाग, तिच्या पुढच्या निमुळत्या टोकास नाळ म्हणतात, (२) कायेवर उभारलेला बहुमजली इमला, (३) धुराडी व डोलकाठ्या, आणि (४) जीवरक्षक होड्या. जहाजाचा आकार सामान्यतः स्थूल टनभारात सांगतात. हे वजनाचे माप नसून जहाजातील एकूण बंदिस्त जागेवरून काढलेले माप आहे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कारण आधुनिक पर्यटन जहाजांचा प्रचंड टनभार हा मुख्यतः त्यांच्या उंच इमल्यातून आलेला असतो.

प्रारंभ : हँबर्ग-अमेरिका कंपनीचे आल्बर्ट बालीन यांनी हिवाळ्यात काम नसल्याने पडून राहणारे ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ हे उतारू जहाज जानेवारी १८९१ मध्ये भूमध्य समुद्राच्या सहलीवर पाठविले. सहल यशस्वी झाली. तथापि उत्तर अटलांटिकसाठी बांधलेल्या जहाजाच्या उणिवाही तीत स्पष्ट झाल्या. त्याचे उघडे डेक अपुरे होते व खोल्या थंड हवामानाच्या दृष्टीने आखलेल्या होत्या. म्हणून बालीन यांनी केवळ सहलींसाठी ‘प्रिन्त्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे’ हे ४,४०९ टनांचे जहाज बांधून घेतले. त्याचे जलावतरण १९०० मध्ये झाले. पांढरी काया, पुढे झुकलेली शिडाच्या जहाजासारखी नाळ, दोन सडपातळ धुराडी आणि उंच डोलकाठ्या यांमुळे ते राजेरजवाड्यांच्या खाजगी नौकेसारखे दिसे. हे साम्य हेतुपुरस्सर होते. प्रवाशाने स्वतःला उतारू न समजता पाहुणा समजावे, हा त्यामागील उद्देश होता. डिसेंबर १९०६ मध्ये जमैकाच्या किनाऱ्यावर ते खडकांत रुतून नष्ट झाले, प्रवासी बचावले. मात्र पांढरा रंग व नौकेसारखी ठेवण हे त्याने घालून दिलेले दोन्ही संकेत टिकून राहिले. १९२७ मधील ‘स्टेला पोलारिस’ हे नॉर्वेजियन जहाज याच परंपरेतील होय.

धुराडी व प्रतिष्ठा : उतारू जहाजांच्या काळात धुराडे हे शक्तीचे चिन्ह मानले जाई. १८९७ मध्ये ‘कायझर व्हिल्हेल्म डेर ग्रोस’ या जर्मन जहाजाने चार धुराडी प्रथम आणली आणि जितकी धुराडी अधिक तितके जहाज वेगवान व सुरक्षित अशी समजूत, विशेषतः स्थलांतर करणाऱ्या उतारूंत, रूढ झाली. ‘टायटॅनिक’ (१९१२) जहाजाच्या चौथ्या धुराड्यास एकही बाष्पित्र जोडलेले नव्हते. त्याचा उपयोग मुख्यतः वायुवीजनासाठी होता. ‘नॉर्मंडी’ (१९३५) या फ्रेंच जहाजाचे तिसरे धुराडेही असेच नामधारी होते. बाह्यरूप हे यंत्ररचनेचे निव्वळ प्रतिबिंब कधीच नव्हते, हे यावरून दिसून येते.

प्रवाहरेखित आकाराच्या कल्पनेचा जहाजांवर १९२० नंतर प्रभाव पडू लागला. ‘ब्रेमेन’ (१९२९) या जर्मन जहाजाची धुराडी ठेंगणी व लांबट ठेवण्यात आली होती. ती दिसावयास डौलदार होती. परंतु काजळी थेट डेकवर येऊ लागल्याने ती पुढे उंच करावी लागली. सौंदर्यदृष्टी व उपयुक्तता यांच्यातील संघर्षाचे हे एक लक्षणीय उदाहरण आहे. रशियातून परागंदा झालेले नौरचनाकार व्ह्लादिमिर युर्केव्हिच यांनी आखलेल्या ‘नॉर्मंडी’त मात्र हा संघर्ष बऱ्याच अंशी मिटविलेला दिसतो. नांगराची यंत्रे व साखळ्या झाकून घेतलेला मोकळा पुढचा डेक, कमानदार नाळ आणि मागे उतरत्या उंचीची तीन धुराडी यांमुळे सु. ३१४ मी. लांबीचे हे जहाज एकसंध दिसे. कासांद्र या चित्रकाराने काढलेल्या जाहिरातीत जहाज समोरून व अगदी खालून दाखविले आहे. नाळ म्हणजे उभी उंच भिंत ही प्रतिमा त्या चित्रामुळे जगभर पसरली.

रंग : कोळशाची धूळ व बंदरातील मळ दिसू नये म्हणून उतारू जहाजांची काया बहुधा काळी असे. उष्ण समुद्रात मात्र काळा पृष्ठभाग उष्णता शोषून घेतो व खोल्या तापतात. इंग्लंड, मुंबई, कोलंबो व ऑस्ट्रेलिया या मार्गासाठी पी. अँड ओ. कंपनीने १९३१-३२ मध्ये ‘स्ट्रॅथनेव्हर’ व ‘स्ट्रॅथेर्ड’ ही सु. २२,५०० टनांची दोन जहाजे आणली. कंपनीच्या काळ्या जहाजांच्या प्रघाताला फाटा देऊन त्यांची काया पांढरी व धुराडी पिवळसर रंगविण्यात आली. त्यांच्या तीन धुराड्यांपैकी पहिले व तिसरे नामधारी होते; दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दुरुस्तीत ती दोन्ही काढून टाकण्यात आली. हीच जहाजे उन्हाळी सहलींसाठीही वापरली जात. क्यूनार्ड कंपनीच्या ‘कॅरोनिया’ (१९४९) या ३४,००० टनांच्या जहाजास हिरव्या रंगाच्या निरनिराळ्या छटा देण्यात आल्या. एकच अतिविशाल धुराडे व एकच डोलकाठी असलेले हे जहाज प्रामुख्याने जगप्रदक्षिणा व दीर्घ सहलींसाठी योजलेले होते.

संक्रमणकाळ (१९५५–७०) : जेट विमानांची अटलांटिकपार वाहतूक १९५८ मध्ये सुरू झाली. त्याच सुमारास विमानाने महासागर ओलांडणाऱ्यांची संख्या जहाजाने जाणाऱ्यांपेक्षा वाढली. उतारू जहाजांचे भवितव्य धोक्यात आल्याने नव्या जहाजांना वर्षातील काही महिने सहलींवर पाठविता यावे, अशी आखणी होऊ लागली. यातून बाह्यरूपात मूलगामी बदल झाले.

‘सदर्न क्रॉस’ (१९५५) या ब्रिटिश जहाजात एंजिने व धुराडे पिछाडीकडे हलविण्यात आले. त्यामुळे मधला, सर्वांत कमी डोलणारा भाग प्रवाशांसाठी मोकळा झाला. ‘रॉटरडॅम’ (१९५९) या डच जहाजात रूढ धुराड्याऐवजी मागील भागात शेजारी-शेजारी दोन सडपातळ नळकांडी उभारण्यात आली. अनेकांना ते त्या वेळी अपुरे व विद्रूप वाटले. परंतु पुढे हीच रचना मान्य झाली. ‘कॅनबरा’ (१९६१) या ४५,००० टनांच्या पी. अँड ओ. जहाजात हे दोन्ही विचार एकत्र आले. जॉन वेस्ट यांची नौरचना व वास्तुशिल्पज्ञ ह्यू कॅसन यांचे सल्लासाहाय्य यांतून त्याचे रूप ठरले. या जहाजातील सर्वांत दूरगामी बदल जीवरक्षक होड्यांविषयीचा होता. तोपर्यंत होड्या बहुधा सर्वांत वरच्या डेकवर टांगल्या जात व तेथील मोकळी जागा अडवीत. ‘कॅनबरा’त त्या तीन मजले खाली, कायेच्या बाजूंना केलेल्या खाचेत बसविण्यात आल्या. त्यामुळे वरचे डेक ऊन खाण्यासाठी व पोहण्याच्या तलावांसाठी मोकळे झाले, जड होड्या खाली आल्याने स्थैर्य वाढले आणि संकटकाळी त्या पाण्यात सोडण्याचे अंतरही कमी झाले. आजच्या बहुतेक पर्यटन जहाजांच्या मध्यभागी दिसणारी नारिंगी होड्यांची आडवी रांग ही या बदलाची परिणती होय.

धुराड्यांचे आकारही या काळात वातविवरातील चाचण्यांवरून ठरू लागले. ‘फ्रान्स’ (१९६२) जहाजाच्या दोन धुराड्यांना धूर बाजूंना फेकण्यासाठी पंख होते. ‘मायकेलअँजेलो’ व ‘राफाएल्लो’ (१९६५) या इटालियन जहाजांच्या धुराड्यांभोवती पोलादी जाळी व वर चपटी तबकडी होती. ‘क्वीन एलिझाबेथ २’ (१९६९) चे बाह्यरूप जेम्स गार्डनर यांनी आखले. तिचे उंच, अरुंद, पांढरे धुराडे आणि त्याच्या तळाशी वारा झेलून धूर वर उचलणारी पन्हळीसारखी रचना ही जुन्या लाल-काळ्या धुराड्यांच्या परंपरेपासून पूर्णपणे वेगळी होती. पुढे बाष्प टरबाइनांच्या जागी डीझेल एंजिने बसविताना १९८६-८७ मध्ये हे धुराडे रुंद करण्यात आले. त्यापूर्वीच, फॉकलंड युद्धानंतर, त्यास क्यूनार्डचा पारंपरिक लाल रंगही परत देण्यात आला होता.

कॅरिबियन सहली व कंपन्यांची ओळख : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मायामी बंदरातून १९६६ मध्ये ‘सनवर्ड’ या जहाजाच्या नियमित सहली सुरू झाल्या आणि कॅरिबियन समुद्र हे या व्यवसायाचे प्रमुख क्षेत्र बनले. एकाच धक्क्यावर अनेक कंपन्यांची पांढरी जहाजे उभी राहू लागल्याने दुरून ओळखू येईल असे एखादे चिन्ह प्रत्येकीला आवश्यक वाटू लागले. चिन्हासाठी धुराड्याचीच निवड होणे स्वाभाविक होते. कारण डेकवरील तो एकमेव भाग प्रवाशांच्या खोल्यांसाठी निरुपयोगी होता.

‘साँग ऑफ नॉर्वे’ (१९७०) या १८,४१६ टनांच्या जहाजात धुराड्यालाच जोडून एक काचेचे विश्रांतिगृह बांधण्यात आले. सिअ‍ॅटल येथील ‘स्पेस नीडल’ या मनोऱ्यावरून ही कल्पना सुचली होती. धुराड्याला प्रवाशांसाठी उपयोगात आणण्याचा हा पहिला ठळक प्रयत्न होय आणि पुढे अनेक वर्षे तो त्या कंपनीच्या जहाजांची खूण ठरला. हेच जहाज १९७८ मध्ये मधोमध कापून सु. २६ मी. लांबीचा नवा भाग बसवून वाढविण्यात आले. ‘ट्रॉपिकेल’ (१९८२) पासून कार्निव्हल कंपनीने धूर दोन बाजूंना सोडणारे, देवमाशाच्या शेपटीसारखे पंखधारी धुराडे स्वीकारले. त्याची कल्पना जो फार्कस यांची. चँड्रिस घराण्याच्या सेलेब्रिटी कंपनीने १९९० पासून धुराड्यावर फुलीसारखे मोठे चिन्ह काढले. ते वस्तुतः घराण्याच्या नावाचे ग्रीक आद्याक्षर होते.

‘फ्रान्स’ जहाजाचे रूपांतरही या काळातील महत्त्वाची घटना होती. तोट्यामुळे १९७४ पासून बंदरात पडून असलेले हे जहाज नॉर्वेच्या क्नूट क्लोस्टर यांनी १९७९ मध्ये विकत घेतले आणि १९८० मध्ये ‘नॉर्वे’ या नावाने ते कॅरिबियन समुद्रात आणले. काळ्या कायेला निळा रंग देण्यात आला. जहाज उथळ बंदरात शिरू शकत नसल्याने प्रवाशांना किनाऱ्यावर नेणाऱ्या दोन मोठ्या नौका पुढच्या डेकवर ठेवाव्या लागल्या. १९९० मध्ये इमल्यावर आणखी दोन मजले चढविण्यात आले. उत्पन्न वाढले, मात्र मूळ आकृतीतील प्रमाणबद्धता बिघडली, अशी टीका जहाजप्रेमींनी केली. वेगासाठी आखलेल्या रेषा आणि भाडे देणाऱ्या खोल्या यांचा मेळ घालणे किती अवघड आहे, हे या उदाहरणावरून दिसते.

सज्ज्यांची भिंत : जुन्या जहाजांच्या डेकची रेषा नाळेकडे व पिछाडीकडे किंचित उचललेली असे. मोठ्या लाटा डेकवर येऊ नयेत हा तिचा हेतू होता आणि जहाजाच्या डौलाचे रहस्यही पुष्कळसे तिच्यातच होते. १९७० नंतर खोल्या कारखान्यात पूर्ण तयार करून, फर्निचर व नळजोडणीसह, जहाजात सरकविण्याची पद्धत रूढ होत गेली. अशा एकसारख्या पेट्यांसाठी डेक सपाट असणे सोयीचे असल्याने ही बाकदार रेषा वरच्या मजल्यांवरून नाहीशी झाली. उतरत्या पायऱ्यांसारखी पिछाडीही जाऊन तिच्या जागी सरळ कापल्यासारखा उभा भाग आला.

याच सुमारास फिनलंडमध्ये बांधलेल्या ‘रॉयल प्रिन्सेस’ (१९८४) या सु. ४४,००० टनांच्या जहाजाने नवा पायंडा पाडला. परंपरेप्रमाणे खोल्या खाली व दालने वर असत. येथे हा क्रम उलटा करण्यात आला. सर्वच्या सर्व खोल्या बाहेरच्या बाजूस ठेवून वरच्या मजल्यांवरील अनेक खोल्यांना स्वतंत्र सज्जे देण्यात आले. सज्जा असलेल्या खोलीसाठी प्रवासी अधिक भाडे देतात, हे अनुभवास आल्यावर १९९० नंतरच्या दशकात सज्जे झपाट्याने वाढले. परिणामी गोल खिडक्या व लांब फिरण्याचे डेक यांच्याऐवजी शेकडो एकसारख्या चौकटींची उभी भिंत हे पर्यटन जहाजाचे मुख्य दृश्य लक्षण बनले. अशी जहाजे तरंगत्या निवासी इमारतींसारखी दिसतात, हा आक्षेप तेव्हापासून सातत्याने घेतला जात आहे.

सज्ज्यांमुळे अग्निसुरक्षेचा एक अनपेक्षित प्रश्नही निर्माण झाला. मार्च २००६ मध्ये ‘स्टार प्रिन्सेस’ जहाजाच्या एका सज्ज्यावर लागलेली आग प्लॅस्टिकचे पडदे व सामान यांमुळे काही मिनिटांत शेजारच्या सज्ज्यांवर व वरच्या मजल्यांवर पसरली. एका प्रवाशाचा मृत्यू झाला. सज्जे ‘बाहेर’ मोडत असल्याने आतील भागांसाठीचे कडक नियम त्यांना लागू नव्हते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियमांत सुधारणा होऊन सज्ज्यांसाठी न पेटणारे साहित्य व आगीची सूचना देणारी आणि पाणी फवारणारी यंत्रणा यांविषयी तरतुदी करण्यात आल्या.

वास्तुशिल्पीय प्रयोग : ठरीव आकारापासून दूर जाण्याचे काही प्रयत्न उल्लेखनीय आहेत. इटालियन वास्तुशिल्पज्ञ रेन्झो पिआनो यांनी ‘क्राउन प्रिन्सेस’ (१९९०) या सु. ७०,००० टनांच्या जहाजाच्या इमल्याचा पुढील भाग डॉल्फिनच्या डोक्यासारखा गोलाकार केला. ‘सी गॉडेस’ (१९८४) या सु. ४,२५० टनांच्या छोट्या जहाजाने खाजगी नौकेची जुनी प्रतिमा पुनरुज्जीवित केली, तर ‘विंड स्टार’ (१९८६) वर संगणकाने नियंत्रित होणारी शिडे व चार डोलकाठ्या आल्या. ‘रॅडिसन डायमंड’ (१९९२) दोन समांतर कायांवर उभारलेले होते. ते कमी डोले, पण त्याचा वेग मंद असल्याने हा प्रयोग पुढे चालला नाही. ‘ग्रँड प्रिन्सेस’ (१९९८) च्या पिछाडीवर उंचावर टांगलेल्या नृत्यगृहामुळे त्यास ‘बाजारातील ढकलगाडी’ असे थट्टेचे नाव मिळाले. २०११ मध्ये ते नृत्यगृह काढून टाकण्यात आले. ‘सेलेब्रिटी एज’ (२०१८) च्या बाजूस, टॉम राइट या वास्तुशिल्पज्ञांच्या कल्पनेनुसार, निरनिराळ्या मजल्यांवर वरखाली सरकणारा नारिंगी मंच बसविण्यात आला. नॉर्वेतील उल्स्टीन या जहाजबांधणी उद्योगाने विकसित केलेली, वरून मागे कललेली उलटी नाळ २०१९ मध्ये ‘ग्रेग मॉर्टिमर’ या ध्रुवीय प्रवासाच्या जहाजात वापरली गेली. लाट आपटण्याऐवजी तिच्यात शिरून आदळ कमी करणे हा या नाळेचा उद्देश होय.

आकारवृद्धी : ‘कार्निव्हल डेस्टिनी’ (१९९६) हे १,०१,३५३ टनांचे जहाज एक लक्ष टनांची मर्यादा ओलांडणारे पहिले प्रवासी जहाज होते. तोपर्यंत पनामा कालव्याच्या जुन्या जलपाशांमुळे जहाजाची रुंदी सु. ३२·३ मीटरांपर्यंत ठेवावी लागे. उंच इमल्याचा भार सांभाळण्यासाठी रुंदी वाढविणे हा सोपा मार्ग असल्याने ही मर्यादा सोडून देण्यात आली. उंच जहाज कलंडेल ही सामान्य माणसाची भीती स्वाभाविक असली, तरी एंजिने, इंधन, पाण्याच्या टाक्या व जाड पोलादी पत्रे खाली असतात. वरचे मजले पातळ पत्र्यांचे किंवा ॲल्युमिनियमचे असून बहुतांशी पोकळ असतात. त्यामुळे जहाजाचा गुरुत्वमध्य दिसतो त्याहून बराच खाली असतो. उंच बाजूंवर वाऱ्याचा दाब मात्र मोठा येतो. बंदरात जहाज हलविण्यासाठी नाळेजवळ आडवा रेटा देणारे पंखे आणि पिछाडीखाली सर्व दिशांना फिरणारी विद्युत् चालित प्रचालक-यंत्रे बसवावी लागतात.

‘ओएसिस ऑफ द सीझ’ (२००९) या २,२५,२८२ टनांच्या व सु. ३६० मी. लांबीच्या जहाजात इमला मधोमध उभा दुभंगून दोन समांतर भिंती करण्यात आल्या व त्यांच्यामध्ये आकाशाखाली खरी झाडे असलेले उद्यान ठेवण्यात आले. या योजनेमुळे आतल्या बाजूच्या खोल्यांनाही सज्जे देता आले. फिनलंडमधील तुर्कू येथून बाहेर पडताना डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाखालून जाण्यासाठी त्याची धुराडी दुर्बिणीच्या नळीप्रमाणे आत सरकविण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये प्रथम प्रवासास निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीझ’चा टनभार २,४८,६६३ आहे, म्हणजे ‘टायटॅनिक’च्या पाचपटींहून अधिक. त्याच्या पुढच्या भागावर काच व पोलाद यांचा प्रचंड घुमट असून पिछाडीकडे भडक रंगांच्या पाण्याच्या घसरगुंड्या आहेत. ‘एमएससी वर्ल्ड यूरोपा’ (२०२२) ची पिछाडी समुद्राकडे उघडणाऱ्या दुभंगलेल्या आकाराची असून नाळ जवळजवळ सरळ उभी आहे.

रंगविलेली काया : इमल्याची आकृती सर्वत्र सारखी होऊ लागल्यावर वेगळेपणासाठी चित्रकलेचा आश्रय घेण्यात आला. ‘आयडा’ (१९९६) या जर्मन जहाजाच्या नाळेवर फेलिक्स ब्यूटनर यांनी लाल ओठ व बाजूंना डोळे रंगविले. नॉर्वेजियन कंपनीने २००२ पासून कायेवर मोठी चित्रे काढण्यास प्रारंभ केला; ‘नॉर्वेजियन ब्रेकअवे’ (२०१३) चे चित्र पीटर मॅक्स यांचे आहे. याउलट ‘डिस्ने मॅजिक’ (१९९८) मध्ये काळसर काया व दोन लाल धुराडी यांची जुनी प्रतिमा जाणूनबुजून उभी केलेली आहे. त्यांपैकी पुढचे धुराडे नामधारी असून जीवरक्षक होड्या नारिंगीऐवजी पिवळ्या ठेवण्यासाठी खास परवानगी घ्यावी लागली. ‘क्वीन मेरी २’ (२००४) हे मात्र रूपाने व कार्यानेही उतारू जहाज आहे. स्टीफन पेन यांच्या आखणीनुसार त्याची नाळ लांब व बळकट असून पुढच्या डेकवर लाटा अडविणारी भिंत आहे. अटलांटिकच्या लाटांपासून वाचविण्यासाठी होड्या नेहमीपेक्षा उंच बसविलेल्या आहेत. न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलाखालून जाता यावे म्हणून त्याच्या धुराड्याची उंची मर्यादित ठेवावी लागली.

सुरक्षितता, बंदरे व पर्यावरण : १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे १,१४,१४७ टनांचे जहाज इटलीच्या जील्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलले व ३२ जण मृत्युमुखी पडले. जहाज फार कलल्यास उंच गेलेल्या बाजूच्या होड्या कायेवर घासतात व खाली सोडणे कठीण होते, ही मर्यादा या दुर्घटनेत पुन्हा प्रत्ययास आली. अपघाताचे मूळ कारण मार्ग सोडून किनाऱ्यालगत जाणे हे होते, जहाजाचा आकार नव्हे. तरीही हजारो माणसे एकाच इमल्यात ठेवण्याविषयीची चर्चा त्यामुळे तीव्र झाली.

व्हेनिसमध्ये चर्चच्या मनोऱ्यांशी स्पर्धा करणारी जहाजे जुदेक्का कालव्यातून जाताना शहराचे दृश्य झाकोळून टाकीत. दीर्घकाळ चाललेल्या नागरिकांच्या विरोधानंतर आणि २०१९ मध्ये एक जहाज धक्क्यावर व तेथील नौकेवर आदळल्यानंतर, १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या जहाजांना या कालव्यात प्रवेश बंद करण्यात आला. जहाजाचे बाह्यरूप ही केवळ मालकाची बाब नसून ज्या शहरासमोर ते उभे राहते त्या शहराचाही तिच्याशी संबंध येतो, हे तत्त्व यात मान्य झाले. इंधनातील गंधकाचे प्रमाण १ जानेवारी २०२० पासून ०·५ टक्क्यांवर आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियमाचाही बाह्यरूपावर परिणाम झाला. अनेक जहाजांत धूर धुणारी यंत्रे धुराड्याच्या वेष्टनात बसविल्याने धुराडी पुन्हा जाड व अवजड दिसू लागली.

भारताशी संबंध : मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर नियमाने लागणाऱ्या ‘स्ट्रॅथ’ मालिकेतील पांढऱ्या जहाजांमुळे आधुनिक प्रवासी जहाजाचे रूप महाराष्ट्रास परिचित झाले. पिआनो यांचे डॉल्फिनसदृश ‘क्राउन प्रिन्सेस’ अनेकदा नाव बदलून २०१९ मध्ये ‘कर्णिका’ या नावाने मुंबईहून सहलींवर जाऊ लागले. परंतु २०२० च्या महासाथीत व्यवसाय बंद पडून त्याच वर्षी ते गुजरातमधील अलंग येथे मोडीत निघाले. १९९० मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बांधलेले जहाज सप्टेंबर २०२१ पासून ‘एम्प्रेस’ या नावाने मुंबईहून गोवा, लक्षद्वीप इ. ठिकाणी जाऊ लागले. सज्ज्यांची भिंत रूढ होण्यापूर्वीच्या पिढीतील असल्याने त्याच्या बाजूंवर मुख्यतः खिडक्याच दिसतात.

‘फ्रान्स’ म्हणून कीर्ती पावलेले ‘नॉर्वे’ही २००६ मध्ये ‘ब्लू लेडी’ या नावाने अलंगलाच आले. त्यातील ॲस्बेस्टसमुळे कामगारांच्या आरोग्यास धोका असल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २००७ मध्ये न्यायालयाने मोडणीस परवानगी दिली. पंखधारी धुराडी व कमानदार नाळ यांमुळे सर्वांत देखण्या जहाजांपैकी एक मानले गेलेले हे जहाज तेथील वाळूवर उभे असताना कापण्यात आले. यूरोपातील कारखान्यांत आकारास येणाऱ्या या जहाजांपैकी अनेकांचा शेवट भरतीच्या पाण्याबरोबर अलंगच्या किनाऱ्यावर चढविले जाण्यात होतो. त्यांच्या भिंती व धुराडी तेथील कामगार हातातील गॅसकटरने वेगळी करतात, आणि सज्जांचे कठडे, दारे, आरसे व खुर्च्या लगतच्या रस्त्यावरील दुकानांतून विकल्या जातात.